मेन्टेनन्सला मार्क किती?

“काय रे, झाले का मासे धुऊन?”

सोमवारी पहिल्या लेक्चरला मी उशिरा पोचलो की शेवटच्या बाकावरून हा प्रश्न ठरलेला. त्यावरचा हशाही ठरलेला. मीही हसून घेतो, कारण त्यात फारसं खोटं काही नाही. एफ.ई.ला असल्यापासून आज टी.ई.पर्यंत माझा जवळजवळ प्रत्येक रविवार एका काचेच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून गेलाय. मी मासे धुत नाही, पण माशांच्या आजूबाजूचं सगळं धुतो!

या अंकासाठी ‘तंत्रज्ञान आणि भविष्य’ छापाचं काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. रोबो, एआय, मंगळ वगैरे. मित्रहो, माफ करा. मी लिहिणार आहे साफसफाईवर. वाचून कंटाळा आला तर पान उलटा, पुढच्या पानावर कविता असतेच.

तर टाकी माझी नाही, काकांची. काकांचा भिवंडीत लूमचा कारखाना आहे, चोवीस मागांचा. ज्यांनी भिवंडी फक्त नाशिक हायवेवरच्या ट्रॅफिकमधून पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या गावाला दोनच आवाज माहीत : गल्लीतल्या मागांचा खटखटाट आणि गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न. दिवसभर त्यात काढल्यावर घरी गेल्यावर काहीतरी न बोलणारं समोर असावं, असं काकांना वाटलं असणार. त्यांनी हॉलच्या भिंतीला सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी बसवून घेतली. साधी नाही, खाऱ्या पाण्याची, प्रवाळाच्या रीफसारखी दिसणारी. बसवणारा आला, दोन दिवसांत पाइप जोडले, दिवे लावले, पैसे मोजून घेतले, टाकीसमोर उभं राहून फोटो काढला आणि गेला. जाताना एवढंच म्हणाला, “थोडा मेन्टेनन्स बघावा लागेल.”

ते ‘थोडा’ म्हणजे मी.

आता आपण इंजिनिअर मंडळी, तेव्हा हिशेब आधी. सहा गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे २४ घनफूट, साधारण ६८० लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन ७०० किलोच्या आसपास. वर काच, वाळू, दगड आणि स्टँड. काकांचं घर तळमजल्यावर आहे म्हणून ठीक. वरच्या मजल्यावर असतं तर आधी एखाद्या सिव्हिलवाल्याला चहा पाजावा लागला असता. टाकीखालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी, तिला ‘संप’ म्हणतात. वरचं पाणी ओसंडून खाली येतं, तिथे स्वच्छ होतं आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. दगड-वाळूने अडवलेली जागा वजा करून आणि संप धरून असं ७०० लिटर पाणी रात्रंदिवस फिरत असतं.

या पाण्याला रोज काय लागतं? पहिलं म्हणजे बघणं. तापमान २५-२६ अंशांवर आहे का? एप्रिल-मे महिन्यात भिवंडीत पंख्याखाली माणूस शिजतो, तिथे प्रवाळाच्या भाऊबंदांना शिमला लागतो. म्हणून चिलर. दुसरं, पाणी उडून जातं. उन्हाळ्यात रोज सात-आठ लिटर सहज. पण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या, आरओच्या पाण्याची. हे मला पहिल्याच आठवड्यात चुकून कळलं. मी बिचारा इमानदारीने खारं पाणी ओतत होतो आणि खारटपणा वाढतोय म्हणून मीटरला शिव्या देत होतो!

दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे ७० लिटर. लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने जवळपास अडीच किलो मीठ. हे वाण्याकडचं मीठ नव्हे. यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं समुद्रातलं बाकीचं सामानही असतं. आदल्या रात्री ते पिंपात विरघळायला ठेवायचं, पंपाने घुसळायचं, सकाळी खारटपणा आणि तापमान टाकीइतकंच आहे ना हे तपासायचं आणि मगच घालायचं. दर रविवारी आतून काच खरवडायची, कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची टेस्ट करायची, आकडा वहीत लिहायचा. एकेका आकड्याला अर्थ नसतो, सलग दहा आकड्यांना असतो. हे मला वहीने शिकवलं, स्टॅटिस्टिक्सच्या पेपरने नव्हे.

संपमध्ये ‘प्रोटीन स्किमर’ नावाची एक नळकांडी असते. नाव भारी, पण गुऱ्हाळावर ज्याने काहिलीतली मळी काढताना पाहिली आहे त्याला समजावून सांगायला नको. पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचे, माशांची घाण आणि उरलेलं खाणं त्या बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतं आणि कपात साठतं. तो कप दर तीन दिवसांनी धुवायचा. त्याचा वास कसा असतो ते इथे लिहीत नाही. अंक कॅन्टीनमध्येही वाचला जातो.

शिवाय तिमाही कामं. पंपाच्या आतल्या पात्यांवर चुन्याचा थर बसतो. पंप सोडवून व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, टूथब्रशने घासायचा. आरओचं कार्ट्रिज बदलायचं. खाऱ्या पाण्याचे बारीक शिंतोडे उडून वायरींवर मिठाची पापडी धरते, ती ओल्या फडक्याने पुसायची, अर्थात स्विच बंद करून. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली एक झोळ ठेवायचा, म्हणजे वायरीवरून आलेला थेंब सॉकेटमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडतो. आणि सगळ्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. सातशे लिटर खारं पाणी आणि दोनशे तीस व्होल्ट एकाच कपाटात नांदवायचे म्हणजे चेष्टा नाही.

एवढं सगळं नीट केलं तर काय होतं? काहीच होत नाही! हीच तर गंमत आहे. टाकी काल होती तशी आज दिसते. पाहुणे येतात, “वा, काय सुंदर!” म्हणतात आणि काकांचं अभिनंदन करतात. माझ्याकडे बघून विचारतात, “हा काय करतो?” काकू सांगते, “इंजिनिअरिंगला आहे.” रविवारबद्दल कुणी विचारत नाही.

काकांच्या कारखान्यात एक म्हातारे जॉबर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. जॉबर म्हणजे माग चालता ठेवणारा माणूस. चाचा दिवसभर मागांच्या मधल्या बोळातून नुसते फिरत असतात. कधी हात लावून पट्टा बघतात, कधी नुसतं उभं राहून ऐकतात, मध्येच एका मागापाशी थांबून पान्याने एक नट अर्धा आटा पिळतात आणि पुढे जातात. लहानपणी मला वाटायचं, या माणसाला काही कामच नाही. एकदा तसं बोलूनही गेलो. तेव्हा ते न रागावता म्हणाले, “बेटा, बिगड़ने के बाद जो आए वो मिस्तरी. बिगड़ने न दे वो जॉबर.”

त्या वेळी वाक्य आवडलं, लक्षातही राहिलं. कळलं मात्र गेल्या वर्षी.

एस.ई.चा सबमिशनचा आठवडा. जर्नल अपूर्ण, दोन असाइनमेंट उतरवून काढायच्या, व्हायवाची भीती. मी रविवार बुडवला. मग पुढचाही. काचेवर हिरवट साय दिसायला लागली होती, पण मासे मजेत होते. म्हटलं, एवढ्याने काय होतंय?

ज्या पाइपने पाणी वर टाकीत येतं त्याचं तोंड पाण्याखाली असतं. पंप बंद पडला तर त्याच पाइपातून पाणी उलटं खाली ओढलं जातं, सायफनसारखं. ते थांबावं म्हणून पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडलेलं असतं. पातळी भोकापर्यंत उतरली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. पेन्सिलच्या टोकाएवढं भोक. दर रविवारी मी त्यात टूथपिक फिरवायचो. दोन रविवार फिरवली नाही. शेवाळाने ते बुजलं.

त्या आठवड्यात एका रात्री वीज गेली. काका-काकू लग्नाला बाहेरगावी, मी माझ्या घरी जर्नल पूर्ण करत बसलेलो. पंप थांबला आणि पाणी खाली यायला लागलं. हिशेब सोपा आहे : सहा बाय दोन फुटांची टाकी एक सेंटिमीटर उतरली की ११ लिटर. सायफन तुटायला हवा होता तिथे तुटला नाही, आणखी दहा सेंटिमीटर खाली पाइपाच्या तोंडाशी तुटला. खाली संपमध्ये मोकळी जागा होती चाळीस लिटरची, वरून आलं शंभरच्या वर. उरलेलं सत्तर लिटर खारं पाणी हॉलमध्ये पसरलं. काकूच्या गालिच्याचं वर्णन करत नाही.

पण खरं नुकसान पुढेच होतं. पहाटे वीज आली. पंपाने संपमधलं पाणी वर नेलं, संपची पातळी खाली गेली. तिथे मीच हौसेने बसवलेला ऑटोमॅटिक फ्लोट होता. त्याला वाटलं, पाणी उडून गेलं! त्याने आपलं काम अगदी चोख केलं आणि पिंपातलं सत्तर लिटर गोडं पाणी आत सोडलं. खारटपणा ३५ वरून साडेएकतीसपर्यंत उतरला, तोही तासाभरात. आधी रात्रभर न हललेलं, प्राणवायू कमी झालेलं, गरम झालेलं पाणी. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवलेला होता, पण त्याची बॅटरी मी शेवटची कधी तपासली होती, हे वहीत बघितलं तर तीन महिन्यांपूर्वी.

बघा, एकही मशीन बिघडलं नव्हतं. पंप चांगला, फ्लोट चांगला, पाइप चांगला. डिझाइनसुद्धा बरोबर होतं. फक्त एक टूथपिक कमी पडली.

क्लाउनफिशची जोडी वाचली. गोबी गेला. आणि ‘डॉक्टर’ गेला. डॉक्टर म्हणजे एक लाल-पांढरी कोळंबी, माशांच्या अंगावरचे जंतू टिपून खाणारी. खारटपणातला एवढा अचानक बदल असल्या जीवांना झेपत नाही. काकांची दुसरीतली मुलगी, तिने हे नाव ठेवलं होतं. शाळेतून आल्यावर ती रोज टाकीसमोर उभी राहून डॉक्टर कोणाला तपासतोय ते बघायची. तिने मला विचारलं, “दादा, डॉक्टर आजारी होता का?”

मी “हो” म्हणून टाकलं असतं, तर विषय संपला असता. पण काका मागे उभे होते, आणि ते काही बोलत नव्हते. मी म्हणालो, “नाही गं. माझं काम राहिलं.” तिला ते नीट कळलं की नाही ठाऊक नाही. मला कळलं.

असो. आता या टाकीचा दुसरा धडा, आणि तो भिवंडीच्या बाहेरचा आहे.

टाकी पुन्हा सावरल्यावर काका म्हणाले, “अरे, आता यात खरं प्रवाळ आणू या. ते फांद्याफांद्यांचं असतं ना, टीव्हीवर दाखवतात तसं. एकजण आणून देतो म्हणतोय.” मी म्हटलं, “काका, ते नाही जमायचं.” कारण आपल्या देशात कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे त्याच यादीत. काळं प्रवाळ, सी-फॅन, समुद्रघोडे, समुद्रकाकडी हेही तेव्हा त्यातच आले. कायद्यात २०२२ मध्ये बदल होऊन अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या, तरी प्रवाळ पहिल्या अनुसूचीतच राहिलं. गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद. म्हणजे ‘एकजण आणून देतो’ असं म्हणतो तेव्हा तो हॉलसाठी शोभेची वस्तू आणत नसतो, वाघाचं पिल्लू आणत असतो!

आमच्या टाकीत आहेत ते झोअँथिड आणि मश्रूम, म्हणजे प्रवाळांचे सांगाडा नसलेले, त्या यादीत नसलेले भाऊबंद. तेही भोळे नाहीत. काही झोअँथिडांत इतकं जहाल विष असतं की त्यांच्या दगडाला हात लावताना हातमोजे आणि चष्मा घालावाच लागतो. आणि दगडसुद्धा समुद्रातले नाहीत. सिमेंट, वाळू आणि जाडं मीठ कालवून आम्ही गच्चीवर घडवले. मीठ विरघळलं की दगडाला भोकं पडतात. सिमेंटचा चुना उतरून पीएच खाली येईपर्यंत कित्येक आठवडे पाणी बदलत बदलत भिजवत ठेवायचे. क्युअरिंगचं महत्त्व मी आमच्या सिव्हिलच्या मित्रांना आता स्वानुभवाने सांगू शकतो.

काकांनी ऐकलं, पण विचारलं, “एवढं सगळं करतोसच तू. मग आपल्याकडे ते जगणार नाही का?” मी म्हटलं, कदाचित जगेलही. पण या टाकीत मी जे जे करतो ते समुद्र फुकटात करतो, हे आधी बघा. आमचा पंप म्हणजे त्याची लाट. आमचं दहा टक्के पाणी बदलणं म्हणजे त्याची भरती-ओहोटी, दिवसातून दोनदा, न चुकता, सबमिशन असो वा नसो. आमचा चिलर म्हणजे त्याचं प्रचंड पाणी, जे लवकर तापत नाही. आमच्या बाटलीतलं कॅल्शियम त्याच्यात आधीच विरघळलेलं. काचेवरचं शेवाळ खरवडायला तिथे मासे आणि गोगलगाई. सातशे लिटरला मी आठवड्याचे चार तास देतो, तरी दोन रविवारांत घोटाळा होतो. मग समुद्राचं हे फुकटचं काम बंद पडलं तर ते कोण करणार?

आणि ते काम डळमळायला लागलं आहे. प्रवाळाच्या पेशीत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला बहुतेक अन्न आणि रंग देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. एक अंश! आमचा चिलर बिघडला तर मी दुपारी बर्फाच्या बाटल्या सोडतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये प्रवाळ पांढरं पडलं. तिथे बाटल्या कोण सोडणार?

एवढ्या लांबही जायला नको. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात येणाऱ्या प्रवाळाच्या १८ वसाहती हाजीअली आणि वरळीहून उचलून नेव्ही नगरच्या किनाऱ्यावर नेण्यात आल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते काम केलं. बातमी वाचून वर्गातले बरेचजण म्हणाले, “बघ, मुंबईत प्रवाळ आहे!” हे मलाही नवीनच होतं. दुसरी प्रतिक्रिया होती, “हलवलं ना? मग प्रॉब्लेम सॉल्व्ह!”

इथेच माझं आपल्या सगळ्यांशी भांडण आहे. ज्यांनी ते काळजीपूर्वक हलवलं त्यांच्याशी नाही, आपल्या त्या ‘सॉल्व्ह’शी. टाकीत साधा झोअँथिडचा दगड एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला तरी तो उघडायला कधी कधी आठवडा लागतो. प्रकाश वेगळा, प्रवाह वेगळा. मग मी रोज जाऊन बघतो. हलवणं एका दिवसाचं काम. नंतरचं बघणं वर्षानुवर्षांचं. वर्तमानपत्रात फोटो पहिल्याचा येतो. दुसऱ्याचा कधी पाहिलाय?

आपल्याकडे १९८७ पासून मालवणला सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. आपली औद्योगिक सहल कोकणात गेली की अर्धा वर्ग सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करतो. कितीजण प्रवाळावर पाय टेकवून उभे राहतात? ‘दगड’ समजून! त्या दगडाची वाढ वर्षाला मिलिमीटरांत किंवा फार तर काही सेंटिमीटरांत मोजतात. तिथे पाय न टेकणं हासुद्धा मेन्टेनन्सच आहे, आणि त्याला चार आणेही खर्च नाही.

आता आपल्या कॉलेजकडे वळतो. आपल्याला चार वर्षांत काय शिकवतात? डिझाइन. नवीन करा, मोठं करा, ‘इनोव्हेटिव्ह’ करा. बी.ई.चा प्रोजेक्ट परीक्षकांसमोर दहा मिनिटं चालला की झालं. अकराव्या मिनिटाला धूर आला तरी चालतो. लॅबच्या माळ्यावर जाऊन बघा, मागच्या बॅचेसचे प्रोजेक्ट धूळ खात पडलेत. त्यातले काही खरोखर चांगले होते. त्यांना कुणी तेल दिलं नाही, बॅटरी बदलली नाही, एवढंच. प्लेसमेंटच्या वेळी ‘मेन्टेनन्स डिपार्टमेंट’ म्हटलं की तोंडं वाकडी होतात. डिझाइनवाला तो साहेब आणि मेन्टेनन्सवाला तो हात काळे करणारा, हे आपण न शिकवताच शिकलो आहोत.

भिवंडीच्या मुलाला हा विषय फार हलका घेता येत नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. चाळीसच्या आसपास माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. कोण चुकलं हे ठरवणं माझं काम नाही, त्यासाठी चौकशा आणि न्यायालयं आहेत. पण तेव्हापासून आमच्या गल्लीतला कुठलाही जुना पिलर बघताना, ओल आलेली भिंत बघताना मला प्रश्न पडतो : हिच्या वहीत शेवटची नोंद कधीची आहे? आणि वही आहे का? माझ्या टाकीला आहे. सातशे लिटर पाण्याला वही आहे आणि शंभर माणसं झोपतात त्या इमारतीला नसावी, हे मला इंजिनिअर म्हणून लाजिरवाणं वाटतं.

नुसती टीका करून थांबायचं नाही, असं आपले सर म्हणतात. म्हणून एक सूचना. बी.ई.चा प्रोजेक्ट शेवटच्या आठवड्यात नव्हे, सातव्या सेमिस्टरच्या शेवटी उभा राहू दे. आठवं सेमिस्टर त्याने नुसतं चालायचं. ग्रुपने दर आठवड्याला एक पान लिहायचं : काय तपासलं, काय झिजलं, काय बदललं, काय ऐकू आलं. परीक्षकांनी ती वही आधी मागायची, मॉडेल नंतर. शंभरपैकी पंचवीस मार्क वहीला. बरेचजण शेवटच्या रात्री एकाच पेनाने सगळी वही भरतील, मला माहीत आहे, आपण जर्नल कशी लिहितो ते मीही बघतोच की! पण मशीन खोटं बोलत नाही. सहा महिने न बघितलेला पंप सुरू करून दाखवा म्हटलं की कळतंच.

आणि ज्यांना हे सगळं पटलं नाही त्यांनी एका रविवारी सकाळी काकांकडे या. नवीन डॉक्टर आलाय. त्याला टाकीत सोडताना दोन तास थेंबाथेंबाने टाकीचं पाणी त्याच्या पिशवीत मिसळलं, आणि ते थेंब मोजायला काकांची लेक शेजारी स्टूल घेऊन बसली होती. हल्ली पाइपच्या भोकात टूथपिक तीच फिरवते, मी फक्त स्टूल धरतो. वहीत त्या रकान्यापुढे तिची मोठ्ठी सही असते.

येताना जुने कपडे घाला. हात स्वच्छ धुऊन या, पण साबण नको. त्याचा अंशही पाण्यात चालत नाही. चहा काकू देते. स्किमरचा कप मात्र तुम्हाला धुवावा लागेल.